पडद्यावरची जर्मन पिस्तुले : माउझर कोणते, ल्युगर कोणते?

महायुद्धावरचे सिनेमे आणि वेबसीरिज बघणाऱ्यांना दोन जर्मन पिस्तुले चेहऱ्याने ओळखीची असतात, नावाने नसतात. एक माउझर, दुसरे ल्युगर. पडद्याने दोघांना ठरावीक भूमिका देऊन टाकल्या आहेत. प्रत्यक्ष इतिहास त्याहून वेगळा आहे.

रिव्हॉल्व्हर नव्हे, पिस्तूल

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात. अर्धस्वयंचलित पिस्तुलात गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याच्या जोरावर रिकामे टरफल बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप नळीत येते. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावा लागतो.

या प्रकारातले सुरुवातीचे यशस्वी पिस्तूल ह्यूगो बोरशार्ट यांचे. १८९३ मध्ये बर्लिनच्या लुडविग ल्योव्ह कंपनीने ते बाजारात आणले. गोळ्यांचे मॅगझिन मुठीतच बसवण्याची पद्धत त्यात होती, ती आजही चालू आहे. पण पिस्तूल बोजड होते, सुमारे तीन हजारच तयार झाली.

माउझर सी-९६

माउझर कारखान्यातल्या फेडर्ले बंधूंनी ते घडवले आणि १८९६ पासून विक्री सुरू झाली. यात दहा गोळ्यांचा कप्पा चापाच्या पुढे असतो आणि वरून भरावा लागतो. मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल. लाकडी म्यान मुठीला जोडले की त्याचाच बंदुकीसारखा दस्ता होतो. १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईत तरुण चर्चिल यांच्या हाती हेच होते. जर्मन लष्कराने मात्र ते आपले मुख्य पिस्तूल म्हणून कधीच स्वीकारले नाही. खप झाला तो खासगी गिऱ्हाइकांत आणि परदेशात, विशेषतः चीनमध्ये.

ल्युगर पी-०८

ऑस्ट्रियात जन्मलेल्या गेओर्ग ल्युगर यांनी बोरशार्टचीच रचना सुटसुटीत केली. १९०० मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याने, १९०४ मध्ये जर्मन नौदलाने आणि १९०८ मध्ये जर्मन लष्कराने ते घेतले. त्यासाठी तयार झालेले ९ मिमी काडतूस आजही जगभरातले पोलीस आणि सैन्य वापरतात.

भारतातला धागा

२६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रोडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळवला. त्यात ५० माउझर आणि ४६ हजार गोळ्या होत्या. पुढच्या वर्षी बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार इंग्रज पोलिसांशी लढले ते माउझर घेऊनच. ९ ऑगस्ट १९२५ च्या काकोरी प्रकरणातही माउझर होती. त्यातल्याच एकातून गोळी सुटून एक निरपराध प्रवासी दगावला आणि खटला अधिक गंभीर झाला.

आपल्याकडे सरसकट ‘माउझर’ म्हणायची सवय आहे, म्हणून एक खुलासा. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल ब्राउनिंग होते. ते जर्मन नव्हे.

पडद्याने काय केले?

ल्युगर म्हणजे नाझी अधिकारी, हे समीकरण युद्धपटांनी पक्के केले. पण हे पिस्तूल नाझी पक्षाच्या जन्माआधीच जर्मन सैन्याच्या कमरेला होते. १९३८ मध्ये त्याच्या जागी वॉल्थर पी-३८ ठरले. ल्युगर त्यानंतरही वापरात राहिले, तरी दुसऱ्या महायुद्धातल्या प्रत्येक जर्मनाच्या हाती ते देणे चुकीचेच.

माउझरचा प्रवास आणखी मजेशीर. चिनी युद्धपटांत ते गनिमी योद्ध्याचे, सोव्हिएत सिनेमात कमिसारचे. सर्जिओ कोर्बुच्ची यांच्या ‘द ग्रेट सायलेन्स’ (१९६८) या वेस्टर्नपटात मुका नायक रिव्हॉल्व्हरऐवजी माउझर चालवतो. कथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची असल्याने ते जुळतेही. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधल्या हान सोलोचे अवकाशातले शस्त्र म्हणजे दुर्बीण आणि जादा सुटे भाग जोडलेले माउझरच.

बघताना काय तपासावे?

कप्पा चापाच्या पुढे आणि मूठ गोल असेल तर माउझर. तिरकी मूठ, बारीक नळी आणि झाडताना पाठीवर गुडघ्यासारखा वर दुमडणारा भाग दिसला तर ल्युगर. मग कथेचे साल बघावे. १८९६ च्या आधीच्या कथेत माउझर किंवा १९०० च्या आधीच्या कथेत ल्युगर दिसले, तर दिग्दर्शकाचा अभ्यास कमी पडला.

क्रांतिकारकांचा इतिहास नव्या पिढीपर्यंत आता पुस्तकापेक्षा पडद्यावरूनच जास्त पोचतो. कोणाच्या हातात कोणते शस्त्र होते आणि ते कुठून आले, हाही त्या इतिहासाचाच भाग आहे.