गुडघेदुखी, शेक आणि बर्फ : विदर्भातील उष्ण-शीत उपचारांचा एक सामाजिक इतिहास

प्रस्तावना

गुडघेदुखीसारखा विषय इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विदर्भाच्या इतिहासलेखनात भोसल्यांचे राज्य, १८६७ मध्ये नागपुरात आलेली रेल्वे, एम्प्रेस मिल, राष्ट्रीय सभेची अधिवेशने यांना मानाचे स्थान मिळाले. घरातील दुखणे आणि त्यावरील घरगुती उपाय मात्र वैद्यकाच्या स्वाधीन करून इतिहासकार मोकळे झाले. वस्तुतः ‘गुडघा शेकावा की त्यावर बर्फ ठेवावा’ हा आज घरोघरी विचारला जाणारा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी नागपूर-वर्ध्याकडील सामान्य घरात कोणी विचारलाच नसता. बर्फ हा पर्यायच तेथे उपलब्ध नव्हता. एखादा प्रश्न केव्हा आणि कोणामुळे विचारता येऊ लागतो, हे पाहणे इतिहासाचेच काम आहे.

प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, उष्ण की शीत ही निवड केवळ रोगाच्या स्वरूपावरून झालेली नाही. घरात इंधन कोणते, पाणी किती, बर्फ मिळतो की नाही आणि शेक देण्याचे श्रम कोण करते, यांवरूनही ती ठरत आली आहे.

संहितांतील स्वेदन

आयुर्वेदात सांध्याच्या दुखण्याचा विचार मुख्यतः वातव्याधीच्या अंगाने झालेला दिसतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, संधिगत वाताचे वर्णन आहे. हवा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागणारा सांधा आणि तो वाकवताना वा पसरताना होणारी वेदना ही त्याची लक्षणे होत. वात हा शीत व रूक्ष गुणांचा मानल्यामुळे त्यावर स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल आणि ऊब, हा उपाय ओघानेच येतो. सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात चरकाने अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पोटलीचा संकरस्वेद आहे, नळीतून वाफ देणारा नाडीस्वेद आहे, औषधी काढ्यात बसवणारे अवगाहन आहे आणि तापलेल्या शिळेवर निजवणारा अश्मघनही आहे. सुश्रुताने हेच ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव अशा चार वर्गांत आटोपशीर बसवले.

तथापि ‘आयुर्वेद म्हणजे शेक’ असे सरसकट समीकरण मांडणे संहितांवर अन्याय करणारे ठरेल. वात आणि रक्त या दोहोंमुळे गुडघ्याला येणारी, कोल्ह्याच्या डोक्यासारखी दिसणारी वेदनायुक्त सूज ‘क्रोष्टुकशीर्ष’ या स्वतंत्र नावाने ओळखली गेली. म्हणजे कोरडा, कुरकुरणारा गुडघा आणि सुजून आलेला गुडघा हा भेद प्राचीनांना ठाऊक होता. त्याहून महत्त्वाची आहे ती स्वेदनास अपात्र ठरवलेल्या रुग्णांची यादी. चरकाने तीत गर्भिणी, रक्तपित्ताचे रुग्ण, पित्तप्रकृतीचे लोक यांच्याबरोबर मधुमेहीही घातला आहे. या नोंदीकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

आज नागपुरातील अनेक आयुर्वेदीय चिकित्सालयांत उडदाच्या पिठाचे पाळे गुडघ्याभोवती बसवून त्यात कोमट तेल धरले जाते. ‘जानुबस्ती’ या नावाने तो उपचार बृहत्त्रयीत सांगितलेला नाही. संहितेतील तत्त्वांवरून पुढे विकसित झालेली ती पद्धती आहे. परंपरा म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो ते बहुधा असेच कालांतराने घडत आलेले असते.

चूल, वीट आणि पोटली

संहितेतील जेन्ताक वा कुटीस्वेदासाठी स्वतंत्र जागा, सेवक आणि द्रव्यबळ हवे. सामान्य कुणब्याच्या वा कोष्ट्याच्या घरी यांपैकी काहीच नव्हते. तेथे होती चूल. स्वयंपाक उरकल्यावर मागे राहिलेल्या निखाऱ्यांची धग वाया जाऊ नये, या काटकसरीतून घरगुती शेकाचे सारे प्रकार जन्मले असावेत, असे मानण्यास जागा आहे. निखाऱ्यात तापवून फडक्यात गुंडाळलेली वीट, तव्यावर भाजलेल्या जाड मिठाची वा वाळूची पुरचुंडी, तेल लावून गरम केलेली एरंडाची किंवा रुईची पाने, निरगुडीच्या पाल्याचा वाफारा हे सर्व चुलीच्या आधाराने चालणारे उपचार होत. संकरस्वेदाची पोटली आणि आजीच्या हातातील मिठाची पुरचुंडी यांत तत्त्वतः भेद नाही. भेद आहे तो एवढाच, की एकीला संस्कृत नाव मिळाले.

या उष्णोपचाराला एक दाहक टोकही होते. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा आहे आणि सांधे व अस्थी यांतील उग्र वातवेदनेसाठी डाग देण्याचा विधी त्यात येतो. खेडोपाडी दुखऱ्या गुडघ्याला डाग देणे किंवा बिब्बा लावणे हे त्याच वाटेवरचे उपाय. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड उठतात हे विदर्भात कोणाला सांगावयास नको. मेळघाटात तान्ह्या मुलांच्या फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा तर बालकांच्या जिवावर बेतत आली आहे. उष्णतेवरील लोकश्रद्धेचा विचार करताना तिची ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

निसर्गाने फुकट दिलेली ऊब म्हणजे उन्हाळी, अर्थात गरम पाण्याचे झरे. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी-गणेशपुरीचे झरे प्रसिद्ध आहेत. विदर्भाच्या सीमेवर, नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर आहे आणि अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सालबर्डी आहे. उनकेश्वरची कथा शरभंग ऋषी आणि रामाचा बाण यांच्याशी जोडलेली आहे. त्वचारोगी आणि सांधेदुखीचे रुग्ण तेथे श्रद्धेने स्नान करतात. संहितेच्या भाषेत हे अवगाहनच होय. मात्र दुखरा गुडघा घेऊन तेथवर जाणे ज्यांना परवडे त्यांच्यासाठीच ते होते.

आता श्रमाचा प्रश्न. शेक ही एकदा करून संपणारी क्रिया नव्हे. वीट निवते, पुन्हा तापवावी लागते. पुरचुंडी दर दोन-तीन मिनिटांनी तव्यावर टेकवावी लागते. हे काम सुनेचे, लेकीचे. तिने ते उकिडवे बसून करावयाचे, चुलीपुढे. गुडघ्यांची झीज पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते हे आता जगभर मान्य झालेले आहे आणि दीर्घकाळ उकिडवे बसणे व ओझी उचलणे हे तिचे पोषक घटक मानले जातात. सासूचे गुडघे शेकणारी सून वीस-पंचवीस वर्षांनी त्याच चुलीपुढे स्वतःचे गुडघे धरून बसलेली आढळते, यात योगायोगाचा भाग किती, याचा विचार वाचकांनी करावा.

सेवाग्रामची बाज

विसाव्या शतकात शीतोपचाराला वैचारिक प्रतिष्ठा मिळाली ती निसर्गोपचारामुळे, आणि तिचे एक महत्त्वाचे केंद्र नागपूरशेजारीच होते. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. जर्मनीतील लुई कुने यांचे कटिस्नान आणि अडॉल्फ जुस्ट यांच्या मातीच्या पट्ट्या यांचा प्रभाव गांधीजींवर दक्षिण आफ्रिकेपासूनच होता. सेवाग्रामात ओल्या मातीची पट्टी हा नित्याचा उपचार ठरला. याच विचारातून मार्च १९४६ मध्ये पुण्याजवळील उरुळीकांचन येथे त्यांनी रुग्णांवर उपचार केले आणि तेथील निसर्गोपचार आश्रम उभा राहिला.

परंतु येथे एक लक्षणीय बाब समोर येते. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात गांधीजींनी आरोग्यविषयक पुस्तिका लिहिली. तिचा सुशीला नय्यर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. थंड पाण्याचा हा खंदा पुरस्कर्ता संधिवात आणि सांधेदुखी यांच्यापाशी आला की वाफेकडे वळतो. विणलेल्या बाजेवर घोंगडी अंथरावी, रुग्णाला पांघरूण घालून निजवावे आणि खाली उकळत्या पाण्याची झाकलेली भांडी ठेवून वाफ द्यावी, अशी कृती तेथे आहे आणि ही सर्वांत सोपी व सर्वांत जुनी रीत असल्याचेही म्हटले आहे. चरकाचा कुंभीस्वेद ज्याने वाचला आहे त्याला ही बाज तात्काळ ओळखू येईल. तेथेही काढ्याचा घडा जमिनीत अर्धवट पुरून वर शय्या मांडलेली आहे. भांड्यांखाली शेगडी ठेवली तर ठिणगीने आग लागण्याचा धोका असल्याचा इशारा देण्यासही गांधीजी विसरले नाहीत. इंधनाचा प्रश्न येथेही सुटलेला नव्हता.

बर्फाचे आगमन

बर्फ हा विदर्भाच्या निसर्गात नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे नेणाऱ्या प्रदेशात गारवा म्हणजे माठ आणि वाळा. माठातले पाणी तापाच्या रोग्याच्या कपाळावरील घडीला पुरे, गुडघ्याची सूज उतरवण्याइतके ते थंड नसते. अमेरिकेतील बॉस्टनहून जहाजाने आणलेला नैसर्गिक बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास आणि १८३४ मध्ये मुंबईस पोहोचला. तो साहेबाच्या व धनिकांच्या पेल्यासाठी होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर हा व्यापार बसला. पुढे भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या लहान शहरांतूनही दिसू लागल्या, त्या सरबत, बर्फाचा गोळा आणि मासळी यांच्यासाठी. १९५८ मध्ये गोदरेजने देशात रेफ्रिजरेटर तयार केला, तरी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात तो रुळण्यास आणखी दोन-तीन दशके जावी लागली.

बर्फाला घरगुती उपचाराचे स्थान मिळण्यास आणखी एक कारण घडले. १९७८ मध्ये अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी खेळाडूंच्या दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री मांडली. मैदानावरील ताज्या दुखापतीसाठी सांगितलेले हे सूत्र हळूहळू साठीच्या गृहिणीच्या झिजलेल्या गुडघ्यालाही लावले जाऊ लागले. हे स्थलांतर फारसे तपासलेच गेले नाही, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. स्वतः मर्किन यांनीही २०१४ मध्ये बर्फामुळे दुखापत भरून येण्यास विलंब होऊ शकतो, असे सांगून आपले मत बदलले.

याच काळात दुसऱ्या बाजूने चूल मागे पडत होती. १९५५ मध्ये मुंबईत घरगुती गॅसची विक्री सुरू झाली आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर खेड्यांतही पोहोचला. गॅसच्या शेगडीत निखारा उरत नाही. विटेचा शेक कोणी नाकारला नाही, तो निखाऱ्याबरोबर गेला. त्याची जागा रबरी पिशवीने आणि नंतर विजेवर तापणाऱ्या पट्ट्याने घेतली. शेक देणारी दुसरी व्यक्ती त्यामुळे अनावश्यक झाली. सुनेचे श्रम वाचले हा लाभ निःसंशय मोठा आहे. त्याबरोबर एक पहाराही उठला.

पुराव्याचा प्रश्न

आधुनिक वैद्यकाने या दोन्ही उपायांची परीक्षा केली आहे, पण ती तोकडी आहे. २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात गुडघ्याच्या झिजेवरील अवघ्या तीन चाचण्या आणि १७९ रुग्ण समाविष्ट होते. वीस मिनिटे बर्फाने मालिश, आठवड्यातून पाच दिवस, दोन आठवडे केल्याने स्नायूंचे बळ व हालचाल सुधारल्याचे त्यात दिसले. थंड पट्ट्यांनी सूज उतरली, मात्र वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. गरम पट्ट्यांचा सुजेवर उपयोग दिसला नाही. २०१९ च्या अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत उष्ण व शीत दोन्ही उपचारांना सशर्त शिफारस मिळाली. तात्पर्य, आखडलेल्या सांध्याला ऊब आणि सुजलेल्या, गरम लागणाऱ्या सांध्याला गारवा हा व्यवहार आज सर्वसाधारणपणे मान्य आहे, आणि झिजलेली कूर्चा दोहोंपैकी कशानेही भरून येत नाही. ऊब वा गारवा वेदना कमी कसा करतो याचे आकलनही अलीकडचेच. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी वेदनेच्या ‘द्वारा’चा सिद्धान्त मांडला, तर उष्णता ओळखणाऱ्या मज्जाग्राहकाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०२१ मध्ये.

येथे चरकाच्या यादीतील मधुमेही पुन्हा आठवतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते, रुग्णाला चटका कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. चरकाने मधुमेह्यास वर्ज्य ठरवले ते मज्जातंतूंच्या ज्ञानावरून नव्हे, त्याची कारणमीमांसा वेगळी होती. त्यामुळे ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. तरीही ती सूचना होती आणि ती घरापर्यंत पोहोचली नाही, हे खरे.

लेखिकेच्या आजोळी, वर्धा जिल्ह्यात, आजीचे गुडघे तिच्या थोरल्या सुनेने अनेक वर्षे विटेने शेकले. फडक्यातली वीट ती आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहत असे. हे तिला कोणी शिकवले नव्हते. आजी नागपुरास मुलाकडे आली तेव्हा तिला मधुमेह जडून बारा वर्षे झाली होती. दुपारी घरात कोणी नसताना तिने रबरी पिशवीत उकळते पाणी भरून घेतले, ती गुडघ्याखाली ठेवली आणि तिचा डोळा लागला. पोटरीवरचा फोड संध्याकाळी दिसला. दुखले कसे नाही, असे सगळ्यांनी विचारले. जखम भरण्यास साडेतीन महिने लागले. त्यानंतर आजीचा गुडघा सकाळी कोमट, मनगटावर तपासलेल्या पाण्याच्या घडीने शेकला जाई आणि सायंकाळी सूज असलीच तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे ठेवला जाई. मे महिन्यात त्या बर्फावर नातवंडांचा डोळा असे, पन्ह्यासाठी.