सरंजाम, बालपरवेशी आणि बेलापूरचे पाणी

प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूरच्या उत्तरेस गोदावरी वाहते, आणि १८१८ नंतर हीच नदी इंग्रजी मुलूख व निजामाचे राज्य यांच्यातील सीमा ठरली. त्याआधीच्या मराठी राज्यात लढवय्यांचा चरितार्थ जमिनीवर चालवण्याची रीत रूढ होती. शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता; राजाराम महाराजांच्या काळात मात्र खजिना रिता आणि शत्रू दाराशी असल्याने सरंजाम, म्हणजे फौज बाळगण्याच्या अटीवर दिलेले महसुलाचे उत्पन्न, सरदारांना वाटावे लागले. वंशपरंपरागत इनामाहून तो वेगळा, कारण चाकरी संपली की हक्कही संपावा, असा मूळ संकेत होता. रणात पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी नावाची नेमणूक असे. राज्याने मृताचे ऋण मानल्याची ही खूण सर्व देणग्यांत अधिक हृद्य वाटते. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि अनेक घराण्यांना जुन्या सनदा तपासणीसाठी मांडाव्या लागल्या.

सैनिकाला जमीन देण्याची रीत इंग्रजी अमलातही दिसते: पंजाबात इंग्रजांनी कालव्याखालच्या नव्या वसाहतींत निवृत्त सैनिकांना जमिनी दिल्या. बेलापूर परिसरात मात्र १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून आले, तेव्हा ते शिपायांच्या वसाहतींकडे न जाता हरिगावच्या बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी पिकणाऱ्या उसाकडे वळले.