शाईतलं रसायन आणि गोदामातलं सत्य

सावंतवाडीहून मुंबईला निघालं की वाटेत खेडच्या अलीकडे-पलीकडे लोटे परशुरामची एमआयडीसी लागते. रसायनांचा वास आला की आपण गाडीची काच वर करतो. आजचा विषय रासायनिक शस्त्रं. त्यांची गोष्टही बऱ्याचदा अशाच साध्या, कामाच्या रसायनांपासून सुरू होते.

थायोडायग्लायकॉल घ्या. बॉलपेनच्या शाईत आणि कापड रंगवायला वापरतात. त्यापासूनच मस्टर्ड गॅसही बनतो. अंगावर फोड येतात, डोळे आणि फुफ्फुसं भाजून निघतात.

१९२५ च्या जिनिव्हा करारानं असे वायू युद्धात वापरायला बंदी घातली. पण बनवायला आणि साठवायला बंदी नव्हती, तपासायलाही कुणी नव्हतं. इराक त्या करारात होता. तरी १६ मार्च १९८८ ला सद्दामच्या विमानांनी हलबजा या कुर्दी शहरावर विषारी वायू टाकला. सुमारे ५,००० माणसं गेली.

इराकला हजारभर टनांहून जास्त थायोडायग्लायकॉल विकणारा व्यापारी डच होता, फ्रान्स व्हान अनराट. २००५ मध्ये हेगच्या कोर्टानं त्याला युद्धगुन्ह्यात साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती वाढली. ‘मी फक्त माल विकला’ हे चाललं नाही.

नवा करार २९ एप्रिल १९९७ ला लागू झाला. त्यात बनवणं, साठवणं, वापरणं, सगळ्यालाच बंदी. शिवाय साठा जाहीर करा आणि निरीक्षकांना दार उघडा.

आणि इथे आपली गोष्ट येते. आपल्याकडे अशी शस्त्रं नाहीत, हीच तोवर भारताची भूमिका होती. जून १९९७ मध्ये भारतानं कबूल केलं: १,०४४ टन मस्टर्ड आहे. मार्च २००९ पर्यंत ते सगळं आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नष्ट केलं. असं करणारा आपला देश जगात तिसरा.

सीरियानंही २०१३ मध्ये साठा जाहीर केला, पण २०१७ मध्ये खान शेखूनवर सारिन पडलंच. तपास पथकानं सीरियन सरकारलाच जबाबदार धरलं. म्हणजे नुसत्या कागदावर भागत नाही, गोदाम उघडून बघावंच लागतं.

२००० च्या कायद्यानं आपल्या कारखान्यांनाही ठरावीक रसायनांचा हिशेब द्यावा लागतो. तुमच्यापैकी कुणी एमआयडीसीत कामाला असेल, तर तो कंटाळवाणा फॉर्म नीट भरा. हलबजाच्या वेळी तो असता, तर कुणीतरी विचारलं असतं: एवढी शाई कुणाला हवीय?

भेटूया पुढच्या भागात.