अहिफेन आणि स्तन्य

धुळें-जळगांवकडील जुन्या घरांतून जीं बाडें हातीं येतात, त्यांत स्तोत्रें व हिशेब यांच्या शेजारींच औषधांचीं टांचणें असतात. बाळंतिणीच्या कळांवर आणि तान्ह्याच्या रडण्यावर त्यांत अफू सांगितलेली आढळल्यास नवल नाहीं. माळव्याची अफू मुंबई बंदराकडे जाई तिच्या वाटेवरच हा प्रांत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हे दोन उपाय एक समजूं नयेत. या घोटाळ्यापायीं आजहि एखादी बाळंतीण वेदना सोशीत राहते, नाहीं तर पाजणें सोडते.

चरक-सुश्रुतांत अफू नाहीं. अहिफेन शार्ङ्गधरसंहितेंत येतें. परंतु धात्रीस दिलेल्या औषधाचा गुण बालकास येतो, हें सुश्रुत जाणत होता. शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद असे बालकांचे वर्ग करून, पहिल्या दोहोंत औषध धात्रीसहि द्यावें, तिसऱ्यांत बालकासच, असें तो सांगतो.

बाळगोळीची गोष्ट निराळी. तींत अफू थेट तान्ह्याच्या मुखांत जाई. १९२२ सालीं डॉ. बार्न्स यांनीं मुंबईच्या गिरणीकामकरी स्त्रियांविषयीं दिलेल्या अहवालांत शेंकडा ९८ अर्भकांस अफू दिली जात असल्याचें नमूद आहे. आई साच्यावर, मूल गुंगींत!

आईनें घेतलेल्या मात्रेचा मात्र अल्पच अंश दुधांत उतरतो. आरंभीं चीकहि थोडाच असतो. तथापि २००६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें टोरांटोच्या एका तान्ह्याची हकीकत आली. आई कोडीन घेत होती, तिच्या शरीरांत त्याचें मॉर्फीन फार वेगानें होई, आणि मूल दगावलें. २०१७ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें पाजत्या आईनें कोडीन व ट्रॅमाडॉल घेऊं नये असें बजावलें. पुढें त्या हकीकतीच्या निदानावरच तज्ज्ञांनीं शंका घेतली. एकाच साक्षीवर केलेला निर्णय किती टिकतो, हें जुनीं पत्रें तपासणारांस आम्हीं काय सांगावें? २०२३ सालीं ऑंटारिओ प्रांतांतील ८,६५,६९१ माय-लेकरांची नोंद तपासली गेली. प्रसूतीनंतर आईस अफूवर्गीय औषध दिल्यानें मुलें रुग्णालयांत परत दाखल होण्याचें प्रमाण वाढलेलें दिसलें नाहीं.

सांप्रत पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन प्रथम देतात. त्यांनीं न भागल्यास मॉर्फीनसारखें औषध, अल्प मात्रेनें व थोडे दिवस, तेंहि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. मूल अति झोपाळू झालें, दूध ओढीनासें झालें, वा त्याचा श्वास मंदावला, तर मात्र क्षणाचाहि विलंब नको.

संग्राहकांस एक विनंती. टांचणांत 'बा॥' एवढाच संक्षेप असेल, तर तो बाळाचा कीं बाळंतिणीचा, हें ठरविल्यावांचून वाचन छापूं नये. आणि बाळगोळीचें प्रमाण तर मुळींच छापूं नये.