वेडा महंमद खरंच वेडा होता?

ऑफिसात सोमवारी एक नियम निघतो, बुधवारी फिरतो, की आपण लगेच म्हणतो, "काय हा तुघलकी कारभार!" शाळेपासून डोक्यात बसलंय ना, 'वेडा महंमद'. आणि दौलताबाद आपल्या संभाजीनगरच्या अगदी शेजारी, त्यामुळे हा माणूस म्हणजे आपल्या घरचाच विषय.

गोष्ट ठाऊकच आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं यादवांची देवगिरी राजधानी केली, तिचं नाव दौलताबाद, आणि दिल्ली ओस पाडली. एका आंधळ्याला म्हणे फरफटत आणलं, पोचला फक्त त्याचा पाय. हा किस्सा इब्न बतूताचा. पण तो हिंदुस्थानात आला १३३३ मध्ये! म्हणजे ऐकीवच की.

आणि त्याच १३२७-२८ चे दोन संस्कृत शिलालेख दिल्ली परिसरात सापडलेत. दोन्ही विहिरी बांधल्याचे. ओस पडलेल्या गावात विहीर कोण बांधतं, सांगा बरं? हलवले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, मौलवी, सूफी. दख्खन ताब्यात ठेवायची तर सत्ता इथं हवी, हा हिशेब काही वेड्याचा नाही.

मग 'वेडा' कुणी ठरवला? मला इथं इसामी आठवतो. दिल्ली सोडताना तो पोरसवदा होता. त्याचे नव्वदीचे आजोबा वाटेत पहिल्याच मुक्कामी गेले. पुढे १३४७ मध्ये दौलताबादेतच तुघलकाविरुद्ध बंड होऊन बहमनी राज्य उभं राहिलं, आणि १३५० मध्ये त्याच बहमनी सुलतानाच्या आश्रयानं इसामीनं इतिहास लिहिला. आता तो तुघलकाबद्दल चांगलं कशाला लिहील? पण म्हणून त्याचे आजोबा खोटे ठरत नाहीत हं.

दुसरा बरनी. सतरा वर्षं सुलतानाच्या बैठकीतला माणूस. त्यालाही हा धनी कळला नाही. एवढा विद्वान, दानशूर, आणि तोच माणसं मारायला मागेपुढे पाहत नाही!

माझं मत विचाराल तर 'वेडा' म्हणणं ही त्याला दिलेली सूट आहे. बंड करणाऱ्या आतेभावाची, बहाउद्दीन गुर्शास्पची, कातडी सोलायला लावणारा माणूस पूर्ण शुद्धीत होता. हुशार होता, उतावळा होता, आणि आपलं लोकांना पटत का नाही याचा त्याला भयंकर राग यायचा. गिरीश कर्नाडांनी १९६४ मध्ये त्याच्यावर कन्नड नाटक लिहिलं, त्यातला तुघलकही बुद्धिमानच आहे.

काही वर्षांनी त्यानं लोकांना परत जायची मुभा दिली. तो स्वतः १३५१ मध्ये सिंधमध्ये, ठट्ट्याजवळ, मोहिमेवर असतानाच वारला. पण आलेले सगळे काही परतले नाहीत. बुऱ्हानुद्दीन गरीब खुलताबादेतच राहिले, तिथंच त्यांचा दर्गा आहे. दिल्लीहून आलेल्या बोलीला इथं मराठीची संगत लागली आणि दखनी घडत गेली. सिटी चौकात कुणी "नक्को" म्हटलं, तर तो आपला 'नको'च आहे.