इतवारीचा इतवार

नागपूरच्या जुन्या वस्त्यांना वारांची नावे आहेत. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि इतवारी. ज्या जागी ज्या वारी बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या जागेला चिकटले. पुढे बाजार रोजचा झाला, पण नाव राहिले. इतवार म्हणजे आदित्यवार. जुन्या मराठीतही 'आइतवार' हाच शब्द रूढ होता. सराफा ओळीत, किराणा ओळीत, मस्कासाथेत दिवसभर हमाल, हातठेले आणि दलाल यांची वर्दळ असणारी ही वस्ती रविवारचे नाव लावते, आणि माझ्या लहानपणी तिच्या रविवारचे काय झाले, हेच आज सांगावयाचे आहे.

जुन्या दूरदर्शन मालिकांचा विषय निघाला की पन्नाशीतील माणसेही लहान मुलांसारखी बोलू लागतात. कुणाला 'मालगुडी डेज'ची सुरावट आठवते, कुणाला 'हम लोग'च्या प्रत्येक भागाच्या शेवटी दोन शब्द सांगावयास येणारे अशोककुमार आठवतात, कुणाला परग्रहांवर हिंडणारी 'स्टार ट्रेक' आठवते. या आठवणींची मी चेष्टा करणार नाही. त्या माझ्याही आहेत. परंतु आपल्याला ओढ लागते ती त्या मालिकांची की त्या विशिष्ट तासाची, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावीत आला आहे. आणि आम्हा कॅथलिक कुटुंबांच्या दृष्टीने तो तास थोडा अडचणीचाच होता.

प्रथम इतिहास पाहू. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. नागपूरसारख्या शहरांच्या वाट्याला हे नवल पुष्कळ उशिरा आले. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून सर्व देशासाठी एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ मध्ये तर काही महिने असे होते की देशात जवळजवळ दररोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता. इतवारीच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या ॲन्टेना उगवल्या. वारा सुटला की कुणीतरी गच्चीवर जाऊन ती फिरवावयाची, आणि खालून ओरडावयाचे, "आलं, आलं, थांब तिथंच!" दिल्लीहून येणारे कार्यक्रम बहुतांशी हिंदी असत. पुण्यामुंबईच्या घरांत त्याची कुरकुर झाली असेल. १९५६ पर्यंत मराठी-हिंदी मध्यप्रदेशाची राजधानी असलेल्या आमच्या गावाला त्याचे काही वाटले नाही.

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिकांचा जो प्रयोग केला होता, त्याच्या धर्तीवर ती बेतलेली होती. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली. मालिका प्रायोजकांच्या पैशावर चालू शकते, हे तिने दाखवून दिले, आणि पुढील सर्व मालिकांचा मार्ग त्यातून निघाला.

अमेरिकेत हे निराळ्या रीतीने घडत होते. तेथे एखादी संस्था कार्यक्रम तयार करी आणि गावोगावच्या केंद्रांना स्वतंत्रपणे विकी; केंद्रे आपल्या सोयीच्या वेळी तो दाखवीत. या पद्धतीला सिंडिकेशन म्हणतात. १९६६ ते १९६९ या काळात पहिल्यांदा दाखविली गेली तेव्हा 'स्टार ट्रेक' फारशी चालली नव्हती. अशा पुनःप्रक्षेपणांतूनच ती सत्तरच्या दशकात लोकप्रिय झाली आणि पुढे आमच्या घरापर्यंत पोहोचली. आपल्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण बिशप फुल्टन शीन यांचे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' या कार्यक्रमात ना नट होते ना नेपथ्य. अंगावर झगा आणि झूल घातलेला एक धर्मगुरू, एक फळा आणि खडू. त्यांना एमी पुरस्कार मिळाला, आणि १९६१ ते १९६८ या काळात त्यांचा पुढील कार्यक्रम सिंडिकेशनच्याच वाटेने गावोगाव गेला. म्हणजे दूरचित्रवाणी आणि व्यासपीठ यांचे मुळातच वैर आहे, असे म्हणता येत नाही.

परंतु आमच्याकडे वैर नव्हे तरी स्पर्धा झाली, आणि ती २५ जानेवारी १९८७ पासून. त्या दिवशी, रविवारी सकाळी साडेनऊला, रामानंद सागर यांच्या 'रामायण'चा पहिला भाग दाखविला गेला. ३१ जुलै १९८८ पर्यंत मालिका चालली. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत', तेही रविवारी सकाळीच. म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे देशाचा रविवार सकाळचा एक तास ठरून गेलेला होता. त्या तासाला इतवारीत शुकशुकाट होई. एरवी जेथे सायकल आडवी घालावयास जागा नसे, तेथे टांगा स्टँडपासून पुढे रस्ता मोकळा दिसे. दुकानाची फळी अर्धी उघडी, आणि मालक मागच्या खोलीत.

इतवारीत आम्ही मोजकीच कॅथलिक कुटुंबे. मिस्सेसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागे. सकाळची मिस्सा आटोपून प्रांगणात दोन शब्द बोलावयाचे, धर्मगुरूंना भेटावयाचे, ही जुनी रीत. त्या वर्षांत लोक शेवटचा आशीर्वाद मिळताच निघू लागले. प्रवचन लांबले की घड्याळे पाहिली जात. आमची अडचण अधिकच गमतीची होती. साडेनऊनंतर सायकलरिक्षाच मिळत नसे! रिक्षावाले कुठल्यातरी दुकानाच्या काचेसमोर उभे असत. आई चालतच निघे, आणि आम्ही भावंडे तिच्या पुढे पळत असू. का पळतो आहोत, हे तिला ठाऊक होते. ती काही बोलत नसे, आणि ते न बोलणेच मला बोचे.

पळत जावयाचे ते शेजारच्या काकूंकडे. त्यांच्या घरी शटरच्या पेटीतला टीव्ही होता, आमच्याकडे नव्हता. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना पडल्यापडल्या दिसावे म्हणून टीव्ही उंच कोनाड्यात ठेवलेला. मालिका सुरू होण्यापूर्वी टीव्हीला हार घालीत, उदबत्ती लावीत. खोलीत पंचवीस-तीस माणसे. दाराशी हमालांची मुले, खिडकीत मोलकरीण, आणि पुढे आम्ही, गळ्यात स्कॅप्युलर घातलेले. तुम्ही कोण, हे कुणी विचारले नाही. प्रसाद वाटला जाई तेव्हा काकू आमच्या हातावरही ठेवीत आणि हळूच म्हणत, "आईला विचारून खा हं."

रविवार ही महाराष्ट्रातील श्रमिकांना सहज मिळालेली वस्तू नव्हे. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइन याने इ. स. ३२१ मध्ये रविवार विसाव्याचा ठरविला. पण आपल्या गिरण्यांत माणसे आठही प्रहर, सातही दिवस राबत होती. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हा साप्ताहिक सुटी हा कामगाराचा हक्क नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना संघटित केले आणि १० जून १८९० रोजी तेथील कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचाही वार आहे, असा मुद्दा त्यांनी मांडला होता. एकाच दिवसावर प्रभूचा, खंडोबाचा आणि दमलेल्या माणसाचा हक्क, हे मला फार सुंदर वाटते. म्हणूनच दूरदर्शनने आमचा रविवार पळविला, अशी जी तक्रार त्या काळी ऐकू येई, ती मला अर्धीच पटते. मिस्सेनंतरचे आमचे प्रांगण ओस पडले, हे खरे. पण काकूंची खोली भरली, हेही तितकेच खरे.

ते सारेच गोजिरे होते, असेही नाही. 'रामायण' संपल्यावर उत्तर भारतात सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपले पूर्वज मानणाऱ्या त्या समाजाला पुढची कथाही पडद्यावर हवी होती, आणि ती पुढे दाखविली गेली. कथा कुणाची आणि ती कुठे थांबवावयाची, हा प्रश्न तेव्हाही होता. आणि त्या खोल्यांत सर्वांना जागा होती ती काही अंशी टीव्ही थोड्यांकडे होता आणि वाहिनी एकच होती म्हणून. हे मान्य न करता केलेले स्मरणरंजन मला अप्रामाणिक वाटते.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आला, आणि घरोघर केबलची वायर ओढली गेली. केरळच्या नवोदय संस्थेची 'बायबल की कहानियाँ' ही हिंदी मालिका दूरदर्शनवर आली ती याच सुमारास. आमच्याकडे तोवर टीव्ही आला होता. आईने मोठ्या हौसेने काकूंच्या घरच्यांना बोलाविले. काकू आल्या, थोडा वेळ बसल्या. मुले आली नाहीत. त्यांच्या घरी त्यांची स्वतःची वाहिनी चालू होती. सासूबाई तोवर वारल्या होत्या. आमच्या खोलीत ती गर्दी कधीच झाली नाही. आईला त्याचे वाईट वाटले, हे तिने पुष्कळ वर्षांनी बोलून दाखविले.

असिसीची संत क्लारा ही दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत आहे. बारावे पायस यांनी १९५८ मध्ये तसे घोषित केले. नाताळच्या रात्री आजारामुळे तिला मंदिरात जाता आले नाही, तेव्हा खोलीच्या भिंतीवर तिला तेथील उपासना दिसली आणि ऐकू आली, अशी कथा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ मे १९९८ च्या 'दिएस दोमिनी' या पत्रात असाच विवेक ठेवला आहे: पडद्यावर मिस्सा पाहिल्याने रविवारचे कर्तव्य पुरे होत नाही, परंतु ज्यांना जाताच येत नाही त्यांना ते मोठे साह्य आहे. ते पत्र प्रथम वाचले तेव्हा मला आपली माणसे नव्हे, कोनाड्याकडे डोळे लावून पडलेल्या त्या सासूबाईच आठवल्या.

मार्च २०२० मध्ये सर्वांचीच दारे बंद झाली. २७ मार्चच्या सायंकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य संत पेत्राच्या चौकातून जगाला आशीर्वाद दिला. दुसऱ्याच दिवशी, २८ मार्चला सकाळी नऊ वाजता, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा पहिल्या भागापासून सुरू केले. आई तेव्हा अंथरुणावर होती. रविवारी सकाळी तिच्या उशाशी मोबाइल उभा करून मी मिस्सा लावून देई. पवित्र सेवनाच्या वेळी ती डोळे मिटून घेई आणि ओठ हलवी. इतवारीत पुन्हा तसाच शुकशुकाट होता, या वेळी सक्तीचा. समोरच्या घरातून, काकूंच्या मुलाच्या घरातून, मालिकेचे शीर्षकसंगीत ऐकू येत होते. मी खिडकी लावावयास उठलो. आईने हातानेच मला थांबविले. मिस्सा संपली, तिने क्रुसाची खूण केली आणि विचारले, "आज कुठवर आली रे गोष्ट?"