गळ्यापासून सुरू होणारा स्वेटर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा अध्यक्षाबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण इयत्ता सातवी, तेही अर्धवट. परंतु मंडळाच्या थंडीच्या वर्गात मी बिनशिवणीचा स्वेटर शिकवते, तेव्हा दर वर्षी कोणीतरी विचारतेच, "वहिनी, ही नवीन पद्धत कुठून काढली?" त्याचे उत्तर एकदा लिहून टाकावे म्हणून हा प्रपंच.

आपल्या भागात लोकर होती, सुया नव्हत्या. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर राठ. ती कातून, मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडे होई. ते पावसाला, थंडीला, अंथरायला, पांघरायला सगळ्याला चाले. पण अंगालगत टोचते. दोन सुयांचे विणकाम इंग्रजांबरोबर आले. मिशनच्या शाळांतून, मग मुंबई-पुण्याच्या मुलींच्या शाळांतून ते पसरले. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. खेड्यापाड्यांत मुलींना शाळाच नव्हती, तिथे सुया कोण हाती देणार?

गंमत अशी की, स्वेटरची कितीतरी नावे लढाईतली आहेत. १८५४ साली इंग्रज रशियाशी क्रिमियात लढत होते. तिथल्या एका सरदाराच्या नावावरून कार्डिगन आले. आपण जिला माकडटोपी म्हणतो तिचे इंग्रजी नाव तिथल्याच बालाक्लावा गावावरून पडले. आणि गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी रेघ जाते त्या बाहीला सेनापती रॅग्लनचे नाव आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता.

आमच्या घरीही स्वेटर लढाईपायीच आला. माझे आजोबा लातूरला अडत दुकानात मुनीम होते. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. आपले जवान सुती कपड्यांत हिमालयात उभे आहेत हे ऐकून देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्या दिवसांत आजी शेजारच्या मास्तरीणबाईंकडून विणायला शिकली. काम वाटून घेतलेले. एकीने पाठ, दुसरीने पुढा, दोघींनी एकेक बाही विणायची आणि शेवटी शिवून जोडायचे. पण एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल! आजीच्या स्वेटरची एक बाही दोन बोटे लांब झाली. उसवून पुन्हा विणून सगळे जोडेपर्यंत २१ नोव्हेंबर उजाडला आणि लढाई थांबली. स्वेटर तरीही पाठवला. कोणाच्या अंगावर गेला, देव जाणे.

तिला शिवणीचाच स्वेटर येत होता. दुसरा असतो हे तिला कळायला एकतीस वर्षे लागली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सर्वांना ठाऊक आहे. आमचे गाव किल्लारीजवळचे. आमच्या घरातली दोन माणसे गेली. त्याविषयी मी इथे लिहीत नाही. मी सातवीत होते. शाळेची इमारत पडली आणि माझी शाळा तिथेच राहिली. पत्र्याच्या शेडमध्ये दिवाळी गेली. ठिकठिकाणाहून जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले, त्यांत एक मोठ्या माणसाचा निळा स्वेटर होता, कोपरांवर विरलेला. आजी म्हणाली, हा उसवून पोराला करू.

विणकाम जिथे संपते तिथूनच ते उसवते. सुरुवातीच्या काठाकडून ओढले तर धागा अडकत राहतो. आजीने सवयीने गळ्याची गाठ सोडली, धागा येईना. शिवण शोधली; शिवणच नव्हती. मग खालच्या काठाची गाठ सोडली, तर सर्र सुटत गेला. आजी दचकलीच. म्हणाली, "अगं माय, हा तर गळ्यापासून सुरू केलाय!" ती फेरीफेरीने उसवत गेली आणि मी शाळेच्या वहीत टाके लिहीत गेले, कारण तिला अक्षरओळख बेताची. अंग काखेपर्यंत सुटले, तिथे थांबले. बाह्या मनगटाकडून सोडाव्या लागल्या. मग वरचा सगळा घेर एकत्र, चार रेघांच्या दोन्ही बाजूंनी एकेक टाका कमी होत होत गळ्याशी संपला.

त्यावरून आजीने धाकट्या भावाचे, पाच वर्षांच्या पोराचे, गणित बसवले. छत्रीच्या काड्या घासून सुया केल्या आणि पायमोजासारखे गोल विणले. गळ्याला ८८ टाके: पाठ २८, पुढा २८, बाह्या १४-१४, चार रेघांचे ४. दर दुसऱ्या फेरीला ८ टाके वाढवायचे. अशा २० वाढींनी २४८ होतात. मग बाह्यांचे ५४-५४ टाके दोऱ्यावर ओवून बाजूला ठेवायचे आणि काखेखाली सहा-सहा नवे घालायचे. अंगाला १५२ राहतात, इंचाला सहा टाके धरले तर घेर पंचवीस इंचांच्या थोडा वर. वर्गातल्या भगिनी घाबरतात ते या आकड्यांना. पण मधेच पोराच्या अंगावर चढवून बघता येते, त्यामुळे चूक लपत नाही. पुढच्या हिवाळ्यात मनगट आणि खालचा काठ सोडून दोन-दोन इंच वाढवायचे. भावाचा स्वेटर असा तीन थंड्या चालला: वर निळा, मग हिरवा, शेवटी तांबडा पट्टा. येळवसीला शेतात तो लांबून ओळखू येई. छातीला मात्र हा स्वेटर वाढत नाही, म्हणून पहिल्यापासून सैल धरावा. शिवणीचा आधार नसल्याने भिजला की लोंबतो, तेव्हा पसरूनच वाळवावा. आणि चौघींनी वाटून विणायचा झाला तर जुनीच पद्धत बरी.

नवीन म्हणाल तर, बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईंनी १९७२ साली वरून विणण्यावर सबंध पुस्तक काढले. पण माझ्या मुलीने मोबाईलवर जर्मनीतले सुमारे १४०० सालचे एक चित्र दाखवले. त्यात मेरी माता बसून बाळ येशूचा अंगरखा विणते आहे, चार सुयांवर, गोल. अंग तयार आहे आणि सुया गळ्याशी आहेत. म्हणजे बिनशिवणीचा जुनाच. फक्त दिसते त्यावरून तिने तो खालून सुरू केला असावा!

यंदाच्या वर्गाला येताना लोकर एकाच लॉटची आणावी, आणि माप लिहून आणण्यापेक्षा पोरालाच घेऊन यावे.